मेंदूचा झटका, डॉक्टरांचे ऑनलाईन शिक्षण आणि आपले घड्याळ



या सदरात आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, हुमणी, पाचट, खोडव्याची भरणी अशा विषयांवर लिहितो. या अंकात विषय वेगळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने दवाखान्याच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असे काहींना वाटेल. आमचे शिक्षण शेतकी पदविकेचे. डॉक्टरकी आम्हांला येत नाही आणि येते असा आवही आणायचा नाही. पण मागच्या गाळप हंगामात एक प्रसंग आमच्या डोळ्यांसमोर घडला. त्यात आमचीही चूक झाली. त्यानंतर आम्ही जाणत्यांना विचारून काही गोष्टी शिकून घेतल्या. त्या सभासदांपर्यंत पोचवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

फडातील ती सकाळ

जानेवारीतील गोष्ट. एका सभासदाच्या आडसाली फडात तोड चालू होती. ट्रॉली भरत आली होती. सभासद बांधावर उभे राहून मुकादमाशी बोलत होते. बोलता बोलता त्यांच्या हातातला चहाचा कप निसटला. शब्द जड झाले, तोंड एका बाजूला ओढल्यासारखे दिसू लागले. मुकादम म्हणाला, "पित्त झालं असंल, सावलीला बसवा." कोणी कांदा फोडून नाकाला लावला. आम्ही तिथेच होतो. आम्ही काय केले? "त्यांना घरी न्या, जरा पडू द्या, ट्रॉली मार्गी लावून आम्ही येतोच," असे म्हणालो. ट्रॉली काट्याकडे गेली, आणि आम्ही दुसऱ्या फडावर गेलो.

घरी त्यांना झोपवले. वारं गेलं असेल म्हणून तेल चोळले. कबुतराचे रक्त लावावे असेही कोणी सुचवले. दुपारी उजवा हात पार लुळा पडला तेव्हा जीप काढली. पहिल्या दवाखान्यात सी. टी. स्कॅनचे यंत्र नव्हते, तिथून दुसरीकडे पाठवले. यंत्र असलेल्या ठिकाणी पोचेपर्यंत दिवस मावळला होता. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "यांना शेवटचे धडधाकट कोणी पाहिले, आणि किती वाजता?" घरची माणसे एकमेकांकडे बघू लागली. कोणी म्हणे आठ, कोणी म्हणे दहा.

त्याच सकाळची ट्रॉली किती वाजता भरली हे आमच्या चिटबॉयच्या स्लिपवर आहे. काट्यावर किती वाजता आली आणि रिकामी होऊन किती वाजता बाहेर पडली, हेही मिनिटासह लिहिलेले आहे. माणसाचा हात किती वाजता पडला, हे मात्र कुठेच लिहिलेले नाही.

ते सभासद वाचले. पण पूर्वी शेअर्सच्या आणि ऊसबिलाच्या कागदावर ठसठशीत सही करणारा तो माणूस आता डाव्या हाताचा अंगठा उठवतो. तो अंगठा पाहिला की आम्हांला ती ट्रॉली आठवते.

झटका म्हणजे काय?

आपल्याकडे याला लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू, वारं जाणं अशी नावे आहेत. डॉक्टर त्याला स्ट्रोक म्हणतात. नावात 'वायू' असला तरी यात वाऱ्याचा काही संबंध नाही. बिघाड मेंदूच्या रक्तवाहिनीत असतो, हातापायात नव्हे. म्हणून हातापायाला तेल चोळून तो दुरुस्त होत नाही.

ठिबक असलेल्या सभासदांना हे चटकन समजेल. ठिबकच्या नळीत क्षार किंवा कचरा अडकला की पुढच्या रोपांना पाणी मिळत नाही, ती माना टाकतात. दुसरा प्रकार नळी फुटण्याचा. मग पाणी भलतीकडेच साचते आणि पुढे कोरडे ते कोरडेच. वरून पाहिले तर दोन्हीकडे रोपे सुकलेलीच दिसतात, पण उपाय वेगळे. नळी तुंबली असेल तर आम्लाची प्रक्रिया करायची. फुटली असेल तर आम्ल सोडून नुकसान वाढवायचे नाही.

मेंदूच्या झटक्याचेही असेच दोन प्रकार आहेत. बहुतेक वेळा रक्ताची गुठळी अडकून रक्तवाहिनी बंद होते. काही वेळा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. हात दोन्हींत पडतो, वाचा दोन्हींत जाते. नाडी पाहून किंवा तोंडाकडे पाहून कोणता प्रकार हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी सी. टी. स्कॅन लागते. ते नसलेल्या ठिकाणी जितका वेळ गेला, तितका तो वाया गेला असे समजावे.

घड्याळ कशासाठी?

ऊस तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळला जावा, असे आम्ही सतत सांगतो. फडात पडून राहिलेल्या उसाचे वजन घटते, उतारा घटतो. मेंदूचा हिशेब तासांचा नसून मिनिटांचा आहे. गुठळी अडकल्यावर, उपचार न झाल्यास, मेंदूतील सरासरी १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा हिशेब अमेरिकेतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला.

यात आशेची गोष्टही आहे. सगळा भाग एकदम मरत नाही. मधला भाग आधी जातो. त्याच्या कडेचा भाग कोमेजलेला असतो, पण वाळलेला नसतो. वेळेत पाणी मिळाले तर माना टाकलेली रोपे जशी पुन्हा उभी राहतात, तसा हा कडेचा भाग वाचवता येतो. सारी धावपळ त्यासाठीच असते.

गुठळी विरघळवणारे औषध आहे. अल्टेप्लेज असे त्याचे नाव. १९९५ मध्ये अमेरिकेत ६२४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटक्यापासून तीन तासांच्या आत हे औषध मिळालेल्यांपैकी अधिक रुग्ण तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेले आढळले. २००८ मध्ये युरोपातील चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. आता टेनेक्टेप्लेज हे एकाच टोचणीत देता येणारे औषधही आले आहे. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढता येते. २०१५ मध्ये हा उपचार मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाला. २०१८ पासून काही निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंतही केला जातो. म्हणून "आता उशीर झाला, नेऊन काय उपयोग?" असे म्हणून कोणालाही घरी ठेवू नये.

डॉक्टरांना पुन्हा कशाला शिकायचे?

आता कोणी विचारील, औषध आहे, डॉक्टर आहेत, मग अडते कुठे?

हे औषध धारदार कोयत्यासारखे आहे. १९९५ च्या त्याच चाचणीत औषध मिळालेल्या शंभरांपैकी साधारण सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी होते. फायदा मोठा, पण चुकीच्या माणसाला दिले तर घात. ज्याची रक्तवाहिनी फुटली आहे त्याला हे औषध चालत नाही. नुकतेच मोठे ऑपरेशन झालेल्याला, डोक्याला मार लागलेल्याला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला देण्याआधी फार विचार करावा लागतो. हा निर्णय डॉक्टरांना घड्याळाकडे पाहत काही मिनिटांत घ्यायचा असतो.

मेंदूविकारतज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत असतात. झटका येणारा माणूस मात्र आपल्या वस्तीवर असतो. तो आधी पोचतो तालुक्याच्या डॉक्टरांकडे. त्यांच्याकडे ताप, खोकला, विंचू, सर्पदंश, बाळंतपण असे सगळेच येते, आणि झटक्याचा रुग्ण वेळेत क्वचितच येतो. जे काम क्वचित करावे लागते त्यात हात बसत नाही. शिवाय अनेक डॉक्टर शिकून बाहेर पडले तेव्हा यातील बरेच उपचार नव्हतेच. आपणही सरी साडेतीन फुटांवरून पाच फुटांवर नेली ती कॉलेजात शिकून नव्हे, मेळावे आणि प्रात्यक्षिके पाहूनच. डॉक्टरांनाही अशीच उजळणी लागते. पण दवाखाना बंद ठेवून चार दिवस मुंबईला जाणे त्यांना परवडत नाही, आणि त्यांच्या रुग्णांनाही परवडत नाही. म्हणून शिक्षणच त्यांच्या दारी आले. तेच हे ऑनलाईन प्रशिक्षण.

व्हिडिओ कॅसेटपासून मोबाईलपर्यंत

याची सुरुवात मोबाईलच्या आधीची आहे. वर सांगितलेली अमेरिकेतील चाचणी अनेक रुग्णालयांत एकाच वेळी चालू होती. रुग्ण किती दुबळा झाला हे मोजण्यासाठी गुणांची एक पट्टी तयार केली होती. तीत ११ बाबी आहेत आणि गुण शून्यापासून ४२ पर्यंत. शून्य म्हणजे दोष नाही, गुण जितके जास्त तितका झटका मोठा. पण एका डॉक्टरने पाच गुण द्यायचे आणि दुसऱ्याने त्याच रुग्णाला नऊ, असे झाले तर काट्यात खोट आहे असेच म्हणावे लागेल. म्हणून रुग्णांच्या तपासणीच्या व्हिडिओ कॅसेटी तयार करून डॉक्टरांना पाठवल्या. त्या पाहून सगळ्यांनी सारखे माप लावायला शिकायचे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की कॅसेट पाहून शिकल्यावर डॉक्टरांच्या मापात एकवाक्यता वाढली.

पुढे कॅसेटची डी.व्ही.डी. झाली, आणि मग तोच धडा इंटरनेटवर आला. जागतिक स्ट्रोक संघटनेनेही डॉक्टरांसाठी ऑनलाईन शिक्षणाची सोय केली आहे. २०२० च्या करोना साथीत परिषदा आणि वर्ग बंद पडले, तेव्हा ही पद्धत सर्वत्र रुळली.

आम्ही पाहिलेला धडा

हंगाम संपल्यावर आम्ही तालुक्यातील ओळखीच्या एका तरुण डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी असा अभ्यासक्रम नुकताच पुरा केला होता. रात्री दवाखाना बंद झाला की जेवण करून एक तास मोबाईलपुढे बसायचे, असे दोन महिने. आम्ही म्हणालो, "डॉक्टरसाहेब, आम्हांला दाखवा तरी काय शिकवतात ते." त्यांनी धडा लावून दिला.

पडद्यावर एक वृद्ध रुग्ण होता. तपासणारा डॉक्टर त्याला चालू महिना आणि वय विचारतो. मग डोळे मिट, उघड, मूठ आवळ असे सांगतो. दात दाखवायला लावतो. नंतर एकेक हात पुढे धरायला सांगून दहापर्यंत मोजतो. हात दहा सेकंद स्थिर राहिला तर शून्य. खाली येऊ लागला पण टेकला नाही तर एक. असे गुण. पायाला पाच सेकंद. डॉक्टरसाहेबांनी तिथेच धडा थांबवला आणि आम्हांला विचारले, "सांगा, या हाताला किती?" आम्ही एक म्हणालो. बरोबर उत्तर दोन होते, कारण हात पलंगाला टेकला होता. उसाच्या फडात फुटवे मोजताना नवा माणूस जशी चूक करतो, तशीच आमची झाली. परीक्षेत असे सहा रुग्णांचे गट असतात. सगळ्यांना गुण द्यायचे, ते जुळले तरच प्रमाणपत्र.

पुढचा धडा स्कॅनच्या चित्रांचा. ताजा रक्तस्राव चित्रात पांढरा दिसतो. गुठळीचा झटका मात्र पहिल्या तासांत चित्रात नीट दिसतही नाही. "स्कॅन नॉर्मल आहे, घरी जा" असे म्हणणे ही मोठी चूक ठरू शकते, हे तिथे पुन्हा पुन्हा बजावतात. पांढरे काही नाही आणि हात पडलेला आहे, म्हणजे गुठळी असण्याचाच संभव अधिक, असे धरून पुढचे पाऊल टाकायचे.

तिसरा धडा हिशेबाचा. अल्टेप्लेज वजनावर देतात, किलोला ०.९ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम. त्यातला दहावा भाग, म्हणजे ५.४, सुरुवातीला टोचायचा आणि उरलेला ४८.६ तासाभरात सोडायचा. वजन कितीही असले तरी ९० मिलिग्रॅमच्या वर जायचे नाही. त्याआधी रक्तदाब १८५/११० च्या खाली आणायचा. आणि सर्वांत आधी बोटाला टोचून साखर पाहायची, कारण मधुमेहाच्या माणसाची साखर फार उतरली तरी झटक्यासारखीच लक्षणे दिसतात. हा हिशेब आम्ही इथे दिला तो केवळ डॉक्टरांना किती बारकाईने काम करावे लागते हे कळावे म्हणून. यातले काही घरी करायचे नाही.

एक गोष्ट ऐकून आम्हांला हसू आले. बोलणे स्पष्ट आहे की नाही हे पाहण्यासाठी मूळ इंग्रजी पट्टीत 'हकलबेरी' आणि 'बेसबॉल प्लेअर' असे शब्द वाचायला देतात. आपल्या सभासदाला धडधाकट असतानाही ते म्हणता यायचे नाहीत! डॉक्टरसाहेब म्हणाले, "म्हणून मी माणसाला त्याच्याच बोलीत बोलतं करतो. गाव विचारतो, औताचे बैल किती ते विचारतो. शिकायचं कुठूनही, पण तपासायचं आपल्या माणसाला." आम्हांला हे फार पटले.

शिकल्याने फरक पडतो काय?

पडतो, याचे दाखले आहेत.

जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात २००३ मध्ये म्युनिक आणि रेगेन्सबुर्ग येथील दोन मोठ्या केंद्रांनी १२ लहान रुग्णालयांशी जाळे जोडले. तिथे डॉक्टरांना आणि परिचारिकांना शिकवले, झटक्याच्या रुग्णांसाठी वेगळा कक्ष केला आणि तज्ज्ञ रात्रंदिवस पडद्यावर सल्ल्याला हजर राहू लागले. या जाळ्यातील पाच रुग्णालयांची तुलना तशाच पण जाळ्याबाहेरील पाच रुग्णालयांशी केली. तीन महिन्यांनी वाईट अवस्थेत राहिलेले, म्हणजे दगावलेले किंवा फार परावलंबी झालेले रुग्ण, बाहेरील रुग्णालयांत शंभरात ५४ होते, जाळ्यातील रुग्णालयांत ४४. म्हणजे शंभरात दहा माणसे वाईटातून वाचली. शिक्षण, कक्ष आणि सल्ला या तिन्हींचा तो एकत्रित परिणाम आहे.

फिनलंडमधील हेलसिंकीच्या रुग्णालयात १९९८ मध्ये रुग्ण दारात आल्यापासून औषध सुरू होईपर्यंत साधारण १०५ मिनिटे लागत. २०११ पर्यंत त्यांनी हा वेळ २० मिनिटांवर आणला. नवे यंत्र आणून नव्हे, कामाची रीत बदलून. रुग्णवाहिकेतूनच रुग्णालयाला फोन करायचा, रुग्णाला खाटेवर न नेता थेट स्कॅनकडे न्यायचे, औषध स्कॅनच्या टेबलावरच सुरू करायचे. काट्यापाशी ट्रॉल्यांची रांग का लागते आणि ती कशी कमी करायची, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही रीत सांगायला नको.

आपल्या देशातील दाखला हिमाचल प्रदेशाचा. डोंगराळ मुलूख, लांबचे रस्ते, आणि मेंदूविकारतज्ज्ञ मोजकेच. तिथल्या सरकारने २०१४ मध्ये सी. टी. स्कॅन असलेल्या सरकारी रुग्णालयांतील साध्या फिजिशियन डॉक्टरांना प्रशिक्षण दिले. झटक्याचा रुग्ण आला की ते स्कॅनची चित्रे स्मार्टफोनवरून शिमला व टांडा येथील तज्ज्ञांना दाखवत आणि फोनवर सल्ला घेऊन गुठळीचे औषध तिथेच देत. औषध सरकारने फुकट पुरवले. रुग्णाला डोंगर उतरवून नेण्यापेक्षा ज्ञान डोंगरावर चढवणे सोपे, हे त्यांनी करून दाखवले.

नुसत्या प्रमाणपत्राने भागत नाही

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. माती परीक्षणाचा कागद घरात असला म्हणून पीक येत नाही. तसेच हे आहे. डॉक्टर शिकलेले आहेत, पण स्कॅनचे यंत्र रात्री बंद. यंत्र चालू आहे, पण औषध शीतपेटीत नाही. औषध आहे, पण अवघड प्रसंगी फोन उचलणारा तज्ज्ञ नाही. यातील एक कडी तुटली तरी साखळी तुटते. आमच्या ओळखीचे डॉक्टरसाहेबही म्हणाले, "माझं शिक्षण झालंय. पण पेशंट साडेचार तासांनंतर आला तर या औषधाच्या बाबतीत माझे हात बांधलेले. पहिली कडी तुमच्याच फडात आहे."

पहिली कडी आपली आहे, आणि तिचे शिक्षण तर फारच सोपे आहे. त्याला इंटरनेट लागत नाही.

आपला धडा

१) तोंड, हात, बोली. हसायला सांगा, तोंड एका बाजूला गेले काय पाहा. दोन्ही हात पुढे धरायला सांगा, एक खाली येतो काय पाहा. गावाचे नाव घ्यायला सांगा, शब्द बोबडे येतात काय पाहा. यातील एकही अचानक दिसले तर झटका समजा. अचानक तोल जाणे, एकाएकी दिसेनासे होणे, कधी न झालेली भयंकर डोकेदुखी, हीही लक्षणे आहेत.

२) वेळ लिहा. माणूस शेवटचा धडधाकट कधी होता ती वेळ, हात कधी पडला असे वाटते ती नव्हे. सकाळी उठतानाच हात लुळा आढळला, तर रात्री किती वाजता चांगला झोपला ती वेळ. कागद नसेल तर तळहातावर पेनाने लिहा.

३) १०८ ला फोन करा आणि 'लकव्याचा झटका' असे स्पष्ट सांगा. गाडी यायला उशीर दिसला तर मिळेल त्या चांगल्या वाहनाने निघा. आधी फोन करून विचारा: स्कॅन आत्ता चालू आहे काय? गुठळीचे औषध आहे काय? दोन्हींचे उत्तर 'हो' आले त्या ठिकाणीच न्या.

४) तोंडात काही घालू नका. पाणी, चहा, साखर, गोळी, काहीच नाही. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते, घास श्वासनलिकेत जातो. ॲस्पिरीनची गोळी हृदयविकारात देतात म्हणून इथेही द्यायची नाही, कारण रक्तवाहिनी फुटलेली असली तर ती अपाय करते. रक्तदाब उतरवण्याची गोळीही मनाने देऊ नका. उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर झोपवा.

५) चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या असतील तर विशेषच. ज्याने प्रसंग पाहिला त्या माणसाला गाडीत बसवा. पुष्कळदा तो फडातच राहतो आणि ज्यांनी काही पाहिले नाही ते नातेवाईक गाडीत चढतात.

६) दहा मिनिटांत हात पुन्हा चालू लागला तरी डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. तो मोठ्या झटक्याआधीचा इशारा असू शकतो.

आणि झटका येऊच नये म्हणून रक्तदाब तपासत राहा, गोळी चालू असेल तर बरे वाटते म्हणून बंद करू नका, साखर ताब्यात ठेवा, तंबाखू आणि मिश्री सोडा. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, म्हणूनच तो फसवतो.

आमचा संकल्प

शेतकी विभागात आम्ही ठरवले आहे की येत्या हंगामापासून चिटबॉयच्या स्लिपबुकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर वरील लक्षणे चिकटवायची. तोडणी सुरू होण्यापूर्वी मुकादम, ट्रॅक्टर ड्रायव्हर आणि चिटबॉय यांना ती एका बैठकीत समजावून द्यायची. बीडकडून येणाऱ्या टोळ्या घरापासून लांब, कोपीत राहतात. कुठल्या दवाखान्यात जायचे हे त्यांना माहीत नसते. त्यांचा जीव आपल्या भरवशावर असतो, हे विसरून चालणार नाही. प्रत्येक गट कार्यालयात जवळच्या स्कॅन असलेल्या रुग्णालयांची यादी लावायची आणि दर महिन्याला फोन करून ती ताजी ठेवायची.

सभासदांनाही एक विनंती आहे. आपापल्या गावच्या डॉक्टरांना आदराने विचारा, "साहेब, झटक्याचं नवं शिक्षण आपण घेतलंय का?" यात त्यांचा अपमान नाही. आम्हांलाही सभासद विचारतात, नव्या जातीची माहिती आहे का म्हणून, आणि विचारले की आम्ही दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडतो. आणि तालुक्याच्या रुग्णालयात रात्री स्कॅन चालू का नाही, गुठळीचे औषध का नाही, हे आपल्या लोकप्रतिनिधींना विचारा. रस्त्यासाठी आणि वीजबिलासाठी आपण विचारतोच.

मागच्या महिन्यात ते सभासद ऊसबिलाच्या कामासाठी गट कार्यालयात आले होते. हा लेख लिहितो आहोत असे आम्ही त्यांना सांगितले आणि त्यांची गोष्ट लिहू का, असे विचारले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो. थोडे थांबून ते म्हणाले, "लिवा. नाव नका लिवू. येळ लिवा."

म्हणून आम्ही आठवून आठवून ती वेळ काढली. चिटबॉयच्या स्लिपप्रमाणे ट्रॉली भरली ९ वाजून १० मिनिटांनी. कप निसटला तेव्हा ट्रॉलीवर शेवटच्या मोळ्या चढत होत्या. म्हणजे नऊच्या सुमारास. त्या दिवशी दुपारी दीडपर्यंत वेळ हातात होती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी